हरणाबाईची भिंत

शंभुलिंगचं डोकं येरमाळ्यापासूनच तापलं होतं. थर्मामीटर तपासायला बर्फ लागतो, हे तिथल्या रसवंतीवाल्याला काही केल्या पटेना. दसऱ्याआधीचं ऊन, कळंबहून निघालेली दुचाकी आणि थर्मासात विरघळत चाललेला बर्फ. कारखान्यांतले, दवाखान्यांतले तापमानाचे सेन्सर खरं बोलतात की खोटं, हे तपासत फिरणं हा त्याचा धंदा. माणसांपेक्षा सेन्सर बरे, असं तो बायकोला, महादेवीला, रोज ऐकवायचा.

तेरखेड्याच्या माळावरच्या फटाक्यांच्या कारखान्यात मालक उत्तरेश्वर वाटच बघत होते. सुकवणीच्या खोलीत तापमान पस्तिसाच्या वर गेलं की भोंगा वाजायचा आणि बायकांनी बाहेर पडायचं, असा नियम. पण पश्चिमेच्या भिंतीवरचा सेन्सर बसवल्या दिवसापासून सदतीसच दाखवत होता. सकाळी सदतीस, संध्याकाळी सदतीस. कंटाळून मालकांनी भोंग्याची तारच काढून टाकली होती. आत बारूद, आठ-दहा बायका, आणि भोंगा मुका! शंभुलिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडा बरोबर आल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

चपला, पट्टा, किल्ल्या, सगळं दाराशी काढून ठेवायला लावलं तेव्हा तो आणखीच चिडला. आत गंधकाचा वास नाकात बसत होता. कुणी बोलत नव्हतं, नुसती कागदाची सळसळ. त्यानं तो सेन्सर काढून पडवीत नेला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य, जसं यायला हवं तसं. परत भिंतीवर लावला, सदतीस. समोरच्या भिंतीवरचा चांगला सेन्सर आणून तिथं लावला, तर तोही सदतीस. मग त्यानं आपला स्वतःचा थर्मामीटर, ज्याच्यावरून बाकीचे तपासायचे तो, चार बोटं बाजूला धरला. एकतीस. भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती.

या भिंतीला झालंय तरी काय, असं तो पुटपुटला.

"भिंतीला काय न्हाय झालं, साहेब," वात वळत बसलेली म्हातारी विठाबाई हळूच म्हणाली. "तिथं आमच्या हरणाबाईचा हात असायचा."

यंत्र नव्हतं तेव्हा हरणाबाई दिवसभर तिथं तळवा टेकून बसायची. बारुदीला आतून ऊब चढली की आधी तिला कळायचं. तिनं हात उचलला की कुणीही का म्हणून विचारायचं नाही, हातातलं टाकून बाहेर पळायचं. आषाढात ती तापानं गेली. तिच्या तळव्याचा काळपट डाग चुन्यावर उरला होता, त्यावरच मालकांनी सेन्सर ठोकून घेतला.

शंभुलिंगला आता हसावं की रडावं कळेना. शिकलेल्या माणसानं असलं ऐकत बसायचं का? त्यानं उगाच तारा आवळल्या, जोड पुसला आणि सेन्सरचा आकडा दाखवणाऱ्या पडवीतल्या डबीसमोर येऊन उभा राहिला. छत्तीस. चौतीस. एकतीस. तिथंच थांबला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"किती दावतंय?" आतून विठाबाईनं विचारलं.

"एकतीस. आता अगदी बरोबर."

आतली सळसळ थांबली.

"हात उचलला गं..." विठाबाई म्हणाली. "उठा."

एकीनंही का म्हणून विचारलं नाही. सगळ्या अनवाणी त्याच्या अंगावरून बाहेर पडल्या. अहो, आत्ताच तर तो बरोबर झालाय, असं तो कळवळून सांगत होता, आणि म्हातारी बाही धरून त्याला आवाराबाहेरच्या कडुलिंबापर्यंत ओढत नेत होती. मालक शिव्या घालत मागून आले. त्यांची शिवी पुरी व्हायच्या आत पत्रे आभाळात गेले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या ढिगानं आतून ऊब धरली होती, असं नंतर सगळे म्हणाले.

दिवेलागणीला घरी आल्यावरही त्याची चिडचिड थांबली नव्हती. हादऱ्यानं आपला थर्मामीटर बिघडला की काय, या काळजीनं त्यानं पातेल्यात बर्फ घेतला, पाणी घातलं आणि थर्मामीटर बुडवला. शून्य यायला हवं होतं. आलं सदतीस.

बर्फ बदलला. सदतीस.

तो वैतागला नाही. खाली बसला. बोटं गारठली होती, आणि त्या गार पाण्यात कुणाची तरी ऊब मुक्कामाला आली होती.

"राहू द्या," तो अगदी हळू म्हणाला. "तिथंच राहू द्या हात..."

आकडा उतरू लागला. तीस. बारा. चार. शून्यावर येऊन थांबला. अगदी बरोबर.

आत महादेवी गॅसचा लायटर शोधत होती. सकाळपासून घरात कसला वास येतोय, असं ती मघाशीच म्हणाली होती, आणि त्यानं लक्ष दिलं नव्हतं.

"महादेवी," तो उठता उठता म्हणाला. "काय विचारू नगंस... हातातलं टाक... बाहेर ये."

स्वयंपाकघरात लायटर एकदा टिचकला. ठिणगी पडली नाही.