ओरत्तनाडूचा स्पीकर

चंद्रमतीचं कुणी खरं मानलं नाही. नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरीनं नाही, डॉक्टरनं तर मुळीच नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाई चौथी शिकलेली, तिला नसलेले वास फार येतात. ज्याला हसायचं आहे त्यानं आत्ताच हसून घ्यावं आणि मग दार लावून ऐकावं. घडलं ते तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. साल १९९४, सप्टेंबरची सत्तावीस, मंगळवारची रात्र. पितृपक्ष चालू होता.

सुरुवात साध्या कामानं झाली. तिचा नवरा रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करायचा. त्रिचीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला त्यागराज आपला जुना विलायती वाल्वचा अँप्लिफायर त्याच्याकडे टाकून गेला होता. तेव्हा सगळे जपानी कीबोर्डामागे लागलेले, वाल्वची खोकी भंगारात जायची. पण त्यागराजाला तेच हवं. वाल्व तापल्यावर तार बोलते, म्हणायचा. वाल्व ठीक होते, स्पीकर तेवढा फाटलेला.

नवऱ्यानं बाजारातला नवा स्पीकर लावून पाहिला. "पत्र्यावर काठी मारल्यासारखा वाजतोय." मग जुन्या रेडिओग्रामचा लावला. तो गोड, पण जोर दिला की घसा बसायचा. "नुसते ओहमचे आकडे जुळून काय उपयोग?" तो म्हणाला. "स्पीकरच्या पडद्याचा कागद जुना पाहिजे. वाजून वाजून मऊ झालेला." आणि शनिवारी सकाळच्या बसनं तो ओरत्तनाडूला गेला, कल्याणरामाकडे. हा कल्याणराम लग्नकार्याला माइकसेट भाड्यानं द्यायचा. संध्याकाळी नवरा बारा इंची स्पीकर पोत्यात घालून घरी आला.

घरात तिची लेक नित्या बाळंतपणाला आलेली. बाळ तेरा दिवसांचं. कामाची खोली आणि बाळंतिणीची खोली, मध्ये नुसती फळ्यांची भिंत.

पोतं उघडलं आणि चंद्रमतीनं पदर नाकाला लावला. "शी! काय आणलंत हे? मेलेली घूस आहे काय आत?"

"जुन्या कागदाला वास येतोच. पोथ्यांना येत नाही काय?"

"पोथीला वाळवीचा येतो. ह्याला तोंडाचा येतोय. न धुतलेल्या तोंडाचा."

"ऐकलीस काय, नित्या? तुझ्या अम्मेला स्पीकरचं तोंड दिसायला लागलं!"

नित्या हसली. चंद्रमतीला हसू कुठलं. तो कागद दुधावर धरलेल्या शिळ्या सायीसारखा होता, पिवळट, सुरकुतलेला. मधली टोपी बाळाच्या टाळूसारखी लिबलिबीत. एक कड सुटली होती, तर नवऱ्यानं अंगठ्यावर थुंकी घेतली आणि ती चिकटवली. मग चिमट्यानं आतून एक केस ओढला. पांढरा, तेलकट. ओढतोय, ओढतोय, हातभर आला तरी संपेना. तो बोटाला गुंडाळून कोपऱ्यात फेकला, हात कमरेच्या वेष्टीला पुसला आणि त्याच हातानं दोसा खाल्ला. चंद्रमतीचा घास तोंडातच राहिला.

वाजला मात्र असा की गल्लीतले लोक ओट्यावर येऊन उभे राहिले. शेजारचे रामस्वामी म्हणाले, काय गोडवा आहे! चंद्रमतीला तेवढं वेगळं ऐकू आलं. सूर संपला की त्याच्या मागून कुणीतरी श्वास आत ओढत होतं.

त्या रात्रीपासून बाळ अंगावर पिईना. रडेनासंही झालं. चमच्यानं पाजलं तर निम्मं बाहेर. कुठल्याही कुशीवर ठेवा, तोंड फळ्यांकडे. डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरलाय. नित्या म्हणाली, "अम्मा, तूच त्याला घाबरवतेस." नवरा म्हणाला, "त्यागराज गुरुवारी येतोय. तोवर तोंड बंद ठेव."

मंगळवारी रात्री गल्लीतली वीज गेली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, कंदिलाच्या उजेडात तिनं घड्याळ पाहिलं. फळ्यांपलीकडून आवाज येत होता.

हुस्स... हुस्स...

ती कंदील घेऊन गेली. अँप्लिफायरची वायर काढून वरच गुंडाळून ठेवलेली. मागची बाजू उघडी. आणि आतला कागद हलत होता.

बाहेर. आत. बाहेर.

वारा असेल म्हणून तिनं तळवा टेकवला. कागद गरम होता. ओला. तळव्याला चिकटला... आणि थांबला.

"अम्मा..." फळ्यांपलीकडून नित्या. "अम्मा, बाळ..."

तिनं कंदील फळ्यांच्या फटीशी धरला. बाळाची छाती हलत नव्हती. ओठ निळे.

चंद्रमतीनं हात उचलला. कागद आत गेला. बाळाची छाती वर आली.

हातोडा तिथंच होता. पण मारायचा कसा? कागद फाटला तर आणखी काय फाटेल... ती फळ्यांपलीकडे नित्याकडे धावली.

"ऊठ. बाळाला घे. चल."

नवरा जागा झाला. "बाळंतिणीला बाहेर काढतेस? पितृपक्षात? वेड लागलं काय तुला?"

तिनं त्याला ढकललं. तो भिंतीवर आपटला.

गल्ली काळोखी. पायात काही नाही. चार घरं. बाळ गप्प. सहा घरं. गप्प... पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळापाशी त्याला उचकी लागली. तोंडातून खळीसारखं चिकट, करडं काहीतरी नित्याच्या हातावर पडलं.

मग ते रडलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा. देवळाच्या पायरीवरच नित्यानं त्याला पदराखाली घेतलं आणि ते प्यायलं.

दोघांना बहिणीच्या घरी सोडून चंद्रमती उजाडायच्या आधी परत आली. हाताला चुलीजवळचं फडकं गुंडाळलं, चार स्क्रू काढले, स्पीकर पोत्यात घातला आणि पहिल्या बसनं ओरत्तनाडूला गेली. पोतं मांडीवर नाही घेतलं. पायाशी, उभं.

बसस्टँडला लागूनच दुकान. कल्याणराम पोतं बघूनच मागे सरकला. "अक्का, आत आणू नका. हा मयताच्या घरचा आहे."

"म्हणजे?"

"प्रेताच्या उशाशी हा लावतो आम्ही, उचलेपर्यंत रात्रभर रडगाणी. लग्नाच्या सेटात कधी मिसळत नाही. ओळखू यावा म्हणून मागच्या लोखंडावर काळं कडं रंगवतो."

"कुठं आहे कडं?" चंद्रमतीनं पोत्यात हात घालून स्पीकर थोडा फिरवला. काळा रंग खरवडलेला, खाली लोखंड चकाकत होतं. "तूच खरवडलंस! माझ्या घरात खपवायला!"

"देवाशपथ नाही, अक्का. मी लग्नातला दुसरा काढून दिला होता. तुमच्या मालकांनी दोन्ही वाजवून पाहिले. म्हणाले, ह्याचाच कागद मऊ. मी म्हटलं, घरात बाळंतीण आहे ना तुमच्या? तर ह्याच बाकावर बसले आणि ब्लेडनं कडं खरवडलं. म्हणाले, बायकोला दिसायला नको."

बसस्टँडवरचे चार लोक गोळा झाले होते. कल्याणरामानं वाकून पोत्याचं तोंड पूर्ण उघडलं आणि तो तसाच राहिला.

"अक्का... हे काय?"

कागदाच्या खळग्यात दूध होतं. काठोकाठ, ताजं. कल्याणरामानं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कोमट होतं. तासभर बस खड्ड्यांतून आली होती, पण एक थेंब सांडला नव्हता.

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "हे असलं बाळंतिणीच्या घरात नेलं कुणी?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. चंद्रमतीनं उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा पोरीला सांगायला लावलं होतं. ती बाजूला वळली, रस्त्यावर थुंकली आणि सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"हनुमंतराव."