कडब्याखालची बारव

शेकोटीजवळ सरकून बसा, आणि ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन या. मध्ये उठायला मग तुम्हालाच जड जाईल. ही गोष्ट किशनरावची, आपल्या बन्सीधरच्या सख्ख्या मामाची. खोटं वाटलं तर चारठाण्याच्या रस्त्याला त्याचं गाव आहे, जाऊन विचारा.

साल शहाऐंशीचं, मार्गशीर्षातली अमावस्या. जेवून हात धुताना किशनरावला आठवलं की गाईपुढं वैरण नाही. दोन पेंढ्या आणाव्यात म्हणून तो कंदील घेऊन शेताकडं निघाला.

त्याच्या शेतात एक लहानशी जुनी बारव होती. दगडी पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेले देव आणि तळाला सगळ्या गावाचं पाणी. शेजारीच त्यानं स्वतःची विहीर खणायला घेतली होती. त्या विहिरीवर त्याचा भारी जीव. बारवेचे दगड काढून ही नवी विहीर बांधायची, हेही मनात होतं. अशात परभणीहून साहेब आला, गावोगावच्या जुन्या बांधकामांची नोंद करत. नोंद झाली की सरकार आजूबाजूला कुदळ मारू देत नाही, असं कुणीतरी किशनरावच्या डोक्यात भरवलेलं. म्हणून या गड्यानं साहेब यायच्या आदल्या दिवशीच बारवेवर बाभळीची लाकडं आडवी टाकली आणि वर कडब्याची गंजी रचली.

साहेबानं विचारलं, "इथं जुनं काही आहे?"

"न्हाई साहेब. नुसता कडबा हाय."

साहेब आल्या पावली परत गेला, पण किशनरावनं गंजी काही काढली नाही. घरी सरजाबाई, किशनरावची बायको, तोंड फिरवून बसली. लेक रुख्मिणी बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वा महिना भरला होता, आणि बाळंतिणीनं बारवेवर जाऊन पाणी पुजल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असा त्या गावाचा रिवाज. त्यात नातू किडकिडीत, दूध टाकणारा.

"पाणी पुजल्याबिगर लेकरू जित्राबावानी उघड्यावर ऱ्हातंय," सरजाबाई म्हणाली. "कुणाचीबी नजर पडंल."

"नव्या हिरीवर पुजा की."

"तिथं पाणी कुठाय?"

या बोलण्यानं तो चिडला होता. तसाच धुसफुसत तो गंजीजवळ पोचला. कंदील खाली ठेवला. पहिली पेंढी ओढली.

"मामा, बारव कोणीकडं हाय?"

मागं एक बाई उभी होती. बाळंतिणीसारखं डोकं कान झाकून बांधलेलं. छातीशी लेकरू, पुरतं गुंडाळलेलं. चेहरा अंधारात.

"पाणी पुजायचंय," ती म्हणाली.

एवढ्या रात्री बाळंतीण बाहेर कशी, हे त्याच्या मनात यायच्या आधी जीभ सवयीनं बोलून गेली.

"हितं बारव न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई..."

तिनं मान गंजीकडं वळवली.

"मग ह्यो पाण्याचा आवाज कशाचा, मामा?"

त्यानं कान दिला. गंजीच्या खाली, खोल... कुणीतरी ओंजळीनं पाणी घेत होतं. सोडत होतं. परत घेत होतं...

ती पुढं झाली. कडब्यात पाय टाकला. कडबा वाजला नाही. एक पाऊल... ती थोडी खाली. दुसरं... आणखी खाली. पायऱ्या उतरावं तशी. कमरेपर्यंत. खांद्यापर्यंत. लाकूड मोडलं नाही. पेंढी हलली नाही.

मग आतून लेकरू रडलं. एकदाच.

ते रडणं त्याच्या ओळखीचं होतं.

कंदील तिथंच राहिला. धोतर सावरायचंही भान त्याला उरलं नाही, इतका तो पळाला. दार धडाधडा वाजवलं. सरजाबाईनं आतली कडी काढली. आत रुख्मिणी गाढ झोपलेली. कुशीत बाळही झोपलेलं, शांत.

किशनराव मटकन खाली बसला. या माणसाला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, तो रडला.

"उजाडलं की गंजी काढतो," तो म्हणाला. "परभणीला जाऊन सायबाला घेऊन येतो, बारव त्याच्या कागदावर चढू दे. माझी हीर ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे."

चिमणीचा उजेड धरून सरजाबाई बाळावर वाकली होती. बाळाची एक मूठ घट्ट मिटलेली. तिनं बोट घालून ती हळूच उघडली.

मुठीत हिरवं शेवाळ होतं. त्यातून अजून पाणी गळत होतं.