आल्त्येताईची कुपी

ताईला पुरून नऊ दिवस झाले, आणि मला तिचा चेहरा आठवेनासा झाला. म्हणून भरदुपारी चित्रकार योरिसच्या माडीवर गेलो. ताई आजारी पडली तेव्हाच त्याने तिला चित्रासाठी बसवलं होतं. खुर्चीत आजारी पोरगी, शेजारी लघवीची कुपी बघून रोग सांगणारा वैद्य. असली प्रेमरोगाची चित्रं आमच्या हॉलंडातल्या लायडनमध्ये लोक हसत हसत घेतात.

"मेल्या, सोंगही आणायला नको मला!" ताई त्याला म्हणाली होती.

तिची लघवी काचेच्या कुपीत भरून, वेताच्या टोपलीतून मीच वैद्याकडे नेली. काळपट लाल होती. टोपलीतून तिची ऊब हाताला लागत होती. कालव्याच्या पुलावर बर्फावरून पाय घसरला. कुपी वाचली, पण आतलं सगळं सांडलं. आई झोडपेल म्हणून पुलाखाली गेलो आणि कुपी माझ्याच लघवीने भरली.

वैद्याने ती खिडकीशी धरली. "पोरगी ठणठणीत आहे. प्रेमरोग! नवरा बघा."

घर खदखदून हसलं. "ऊठ, नाटकी!" म्हणत आईने ताईला अंथरुणातून ओढलं, पायऱ्या घासायला लावलं. मी गप्प बसलो. त्यानंतर बाराव्या दिवशी ताई गेली.

माडीवर जळक्या फितीचा वास होता. मूर्च्छा आली की नाकाशी धरतात, तसल्या फितीचा. चित्रात ताईच्या पायाशी तसलीच फीत शेगडीत धुमसत होती.

"शेगडी पेटवलीय का?" मी विचारलं.

"महिनाभर नाही रे..." योरिसने चित्राकडे बोट केलं. "वाउटर, ती कुपी बघ."

ताईचा चेहरा बघायला आलो होतो, पण नजर तिकडेच गेली. वैद्याच्या हातातली कुपी काळपट लाल होती.

"मी पिवळी रंगवली होती. वैद्याने सांगितली तशीच, सोनेरी. तीनदा पुसून रंगवली... सकाळी पुन्हा अशीच." तो माझ्याकडे वळला. "तुला काही ठाऊक आहे?"

तो रंग बर्फावर सांडलेला फक्त मी पाहिला होता.

"नाही," मी म्हणालो.

वास दाटला. कुपीच्या तळाशी एक थेंब फुगला, चित्रावरून ओघळला... आणि चौकटीच्या कडेला थांबला.

मी बोट लावलं.

कोमट होता.