काळ्यावर हिरवं

उचगावची रताळी, फडक्यात बांधलेली.

वडगावातला एक रिकामा माग.

पावसानं भिजलेली हिरवी ओढणी.

चौदाशे पन्नास.

...आणि या सगळ्याच्या मधोमध एक काळा स्क्रीन. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, भट्टीचं तापमान एका फाईलमध्ये लिहिलं जायचं. आकडा चौदाशे पन्नासला पोचला की माधवीनं ‘ओता!’ अशी हाक द्यायची.

पण पहिल्याच दिवशी, ओढणी पिळून कामावर बसते न बसते तोच तिनं ‘कॅट’ ही आज्ञा टाईप केली, आणि महिन्याभराचे आकडे डोळ्यांसमोरून सुळ्ळकन पळाले.

‘‘अहो, अख्खी फाईल कशाला पळवताय?’’

मागं सौरव उभा. पुण्याच्या कंपनीनं भट्टीची यंत्रणा बसवायला पाठवलेला, मूळचा उचगावचा.

‘‘टेल म्हणा. पुढं डॅश एफ. शेवट तेवढा दिसतोय, आणि नवी ओळ लिहिली की आपसूक खाली उमटतीय.’’

‘‘म्हणजे मागावरच्या कापडासारखं,’’ माधवी म्हणाली. ‘‘विणलं जाईल तसं बघायचं.’’

‘‘मग तुम्हाला मी काय शिकवणार?’’

‘‘शिकवा की... लई काय काय येत न्हाय मला.’’

दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ. दोन ओळींच्या मधे एखादा शब्द, भाजलेल्या रताळ्याचा तुकडा, बोटाला बोट लागून — सॉरी हं. काळ्यावर हिरवे आकडे चढत राहायचे, आणि माधवीला वाटायचं, चौदाशे पन्नास आज जरा उशिराच यावं...

मग तो शुक्रवार आला. शनिवारी मोठं रंगीत पॅनेल बसणार, काळा स्क्रीन जाणार. सौरवही.

१४१०

‘‘उद्या पुणं?’’

‘‘व्हय.’’

१४१८

‘‘आमच्या घरात, वडगावला, एक रीत आहे,’’ ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली. ‘‘मुलीच्या लग्नाचं मनावर घेतलं की अण्णा एक माग रिकामा ठेवतात. तिच्या साडीसाठी. रंग तिनं सांगायचा.’’

‘‘सांगितलात?’’

‘‘दिवाळीपासून माग रिकामाच आहे.’’

१४२७

‘‘तुम्ही सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सांगाल तो चढवू.’’

१४३५. भट्टी घुमत होती...

१४४२

‘‘काळी,’’ सौरव म्हणाला. ‘‘हिरव्या काठांची.’’

लग्नाला काळी? म्हणजे नकोच की! डोळे भरून आले, तशी ती फणकारली, ‘‘लग्नात काळं नेसत न्हाईत, उचगावकर! एवढंबी ठावं न्हाय?’’

‘‘ठावं आहे की. लग्नातली अण्णांच्या पसंतीची असू दे. मी आपलं... त्याच्या पुढच्या संक्रांतीची सांगतोय. पहिल्या.’’

१४५०

‘‘आक्का!’’ भट्टीवरचा भरमा ओरडला. ‘‘ओतू काय न्हाय?’’

माधवी सौरवकडेच बघत होती. शेवटी सौरवच ओरडला, ‘‘ओता!’’

‘‘आं? आज आक्काचा आवाज बदललाय!’’ भरमा हसला, आणि केशरी रस साच्यात उतरू लागला. त्याचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर हलत राहिला.

‘‘अन् पुणं?’’ तिनं हळूच विचारलं.

‘‘आधी वडगाव. उद्या येतो माग बघायला... आईला घेऊन.’’

माधवी पहिल्यांदा त्या स्क्रीनसमोर बसली, तेव्हा त्यावरची अक्षरं पांढरी होती; तिची ओली हिरवी ओढणी बघून सौरवनं ती दुसऱ्याच दिवशी हिरवी केली होती.