फितुराचं नाव

जाणीव-मापन प्रयोगशाळेतल्या खाटेवर शर्वरी घोरपडे डोळे मिटून पडल्या होत्या. डोक्यावर संवेदकांची जाळीदार टोपी, घशात श्वासयंत्राची नळी. अपघाताला कित्येक महिने उलटले होते. श्वासयंत्र ठेवायचं की काढायचं, हे उपचार-समिती उद्या ठरवणार होती आणि तिच्यापुढे मांडायला आजच्या चाचणीखेरीज काही नव्हतं.

मुलगा निनाद उशाशी पुस्तक घेऊन बसला होता. ‘वज्रदुर्गाची गाथा’चा तिसरा आणि शेवटचा खंड. पहिले दोन शर्वरीबाईंनी तहानभूक विसरून वाचले होते. तिसरा आला तो अपघातानंतर. दुर्गाचा दरवाजा शत्रूला कुणी उघडून दिला, हे त्यात कळणार होतं.

“हेच पुस्तक कशाला?” निनादनं विचारलं. त्याला देवावर, डॉक्टरांवर आणि दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवर सारखाच संशय.

“मेंदू ऐकता ऐकता पुढचं गृहीत धरत जातो,” डॉ. यास्मिन तांबोळी म्हणाल्या. “मी म्हटलं, ‘चहात साखर घातली आणि चमचाभर सिमेंट’, की तुमच्या मेंदूत लहर उठते. ही अपेक्षाभंग-लहर. अपेक्षेप्रमाणे घडलं, तर रेघ सपाट.”

“मग सिमेंटचंच वाक्य वाचा की.”

“त्याला गुंगीतला मेंदूही दचकतो. पण दोन खंडांत कोण कुणाशी कसं वागलं हे धरून ठेवायचं आणि आज दचकायचं, तर आत माणूस जागा लागतो.”

आतापर्यंतची प्रकरणं त्याच्या धाकट्या बहिणीनं, ओवीनं वाचली होती आणि लहरी उठल्याही होत्या. पण ओवीचं वाचन म्हणजे कीर्तनच. यंत्र तिच्या आवाजाचे चढउतार टिपत असणार, असं निनादचं ठाम मत. म्हणून पुस्तक तिच्या हाती देण्याआधीच त्यानं शेवटचं प्रकरण स्टेपल मारून बंद केलं होतं. ते तो स्वतः वाचणार होता, बातम्यांसारखं कोरडं. डॉक्टरबाईंनीही ते वाचलेलं नव्हतं.

तरी त्याचं समाधान होईना. डॉक्टरबाईंना चाचणी यशस्वी हवी, ओवीला आई हवी. दोघींपैकी कुणाचा भरवसा धरायचा? आपल्याला काय हवंय, हे स्वतःला विचारायची मात्र त्याची छाती होत नव्हती.

त्यानं पिना उपसल्या, पान आधी मनात वाचलं आणि मग मोठ्यानं सुरुवात केली. “‘मशालीच्या उजेडात राणीनं त्याच्या तोंडावरचा शेला ओढला. तो होता सेनापती रुद्रसेन.’”

पडद्यावरची रेघ ताडकन उसळली.

“बघितलंस दादा? कळलं तिला!” ओवीला रडूच फुटलं.

“काही कळलेलं नाही. नाव मी मुद्दाम चुकीचं वाचलं. रुद्रसेनच फितूर, हे पहिल्या खंडापासून जो तो धरून चाललाय. मग त्या नावाला रेघ सपाट राहायला हवी होती. डॉक्टर, तुमचं यंत्र खोटं आहे.”

डॉ. तांबोळींचा चेहरा उतरला. तर्कात खोट नव्हती.

“पुस्तकात कोण आहे?” ओवीनं विचारलं. “खरं वाच ना, दादा.”

निनादनं चिडूनच वाचलं, “‘तो होता राणीचा गुरू, आचार्य वरुण.’”

ज्यानं राणीला पुन्हा पुन्हा मरणातून वाचवलं, तोच आचार्य! ओवीच्या तोंडून “अगं बाई” निघालं. रेघ मात्र जागची हलली नाही.

“संपलं,” निनाद म्हणाला. त्याचा आवाज आता कोरडा राहिला नव्हता.

“थांबा.” डॉ. तांबोळी पडद्याजवळ सरकल्या. “धक्का बसला तो आपल्याला. ज्याला आधीपासून आचार्यांचाच संशय आहे, त्याला रुद्रसेनाचं नाव ऐकून धक्का बसेल आणि आचार्यांचं ऐकून बसणार नाही. आवाज तोच, वाक्य तेच, नाव तेवढं वेगळं. नुसत्या आवाजाची लहर असती तर दोन्ही वेळा उठली असती. निनाद, तुमच्या आईंनी फितूर ओळखला होता.”

निनाद आईकडे बघत राहिला. इतके महिने त्यानं सगळ्या जगावर संशय घेतला होता. आईलाही कुणाचा संशय येत असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्या कानाशी वाकला.

“आई, माझं चुकलं गं.”

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन थडकली. डॉ. तांबोळी दचकल्या. “आता काय झालं? यात अनपेक्षित काय होतं?”

ओवी डोळे पुसत हसली. “डॉक्टर, दादाच्या तोंडून हे वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.”