वाढवलेल्या फायली

गुरुवारी सकाळी सव्वादहाला भूपालअण्णा मगदूम साताऱ्याच्या स्टँडवर उतरले, तेव्हा त्यांच्या एका हातात जेवणाचा डबा होता, दुसऱ्या हातात चौसष्ट पानांचा आराखडा होता आणि चेहऱ्यावर वरबापाचा रुबाब होता. आज तालीम होती. सांगलीचा संगणक मुद्दाम बंद करायचा, तो पुरात बुडाला असं समजायचं, आणि साताऱ्याच्या संगणकानं त्याची गादी चालवायची. असा प्रसंग खरोखरच आला तर कुणी काय करायचं, ते आराखड्यात लिहिलेलं होतं. आराखडा अण्णांनीच लिहिला होता. त्यामुळे आजवर तो एकट्या अण्णांनीच वाचला होता.

सांगलीच्या एका धर्मादाय बाळंतपणाच्या दवाखान्यात अण्णांची पस्तीस वर्षं गेली होती. जन्मनोंदीच्या लाकडी कपाटापाशी सुरुवात झाली आणि संगणक विभागाच्या थंडगार खोलीत शेवट आला होता. महिनाअखेर निवृत्ती. एकोणीस सालच्या पुरात कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि साठ वर्षांची बाळं भिजली. अण्णांनी गच्चीवर दोऱ्या बांधून रजिस्टरांची पानं चिमट्यांनी वाळत घातली. वाळतील तशी संगणकात भरली. तेव्हाच ठरलं, की या सगळ्याची दुसरी प्रत साताऱ्याला ठेवायची. कृष्णामाईला सांगलीहून साताऱ्यापर्यंत यायचं तर उलटं वाहावं लागेल, आणि ते अजून कुठल्या योजनेत बसलेलं नाही.

आज दोन्ही प्रती जुळल्या तर आराखडा पास. नाही जुळल्या तर नियम एक्केचाळीस: ‘साताऱ्याची प्रत तत्काळ पुसावी व सांगलीहून नव्याने घ्यावी.’ आणि मग अण्णांच्या जागी पुण्याची कुठलीशी कंपनी. कंपनीचा माणूस आराखडा इंग्रजीत लिहिणार, या कल्पनेनंच अण्णांचं पित्त खवळे.

कारण मराठी आराखडा ही अण्णांची हौस होती. एका शब्दापाशी मात्र त्यांचं घोडं आठ दिवस अडलं होतं. बाळ आईबरोबर घरी गेलं तरी फाइल चालू राहते. लसी असतात, वजन असतं. पण काही बाळं घरी जात नाहीत. त्यांच्या फायलीवर कुठला शेरा मारायचा? ‘बंद करा’ असं अण्णांच्यानं लिहवेना. त्यांच्या घरात दिवा कधी कुणी विझवला नव्हता, वाढवला होता. बांगडी फुटली नव्हती, वाढवली होती. दुकानसुद्धा लोक वाढवून घरी जातात. तेव्हा अण्णांनी लिहिलं, ‘वाढवा’. संगणकाच्या यादीतही तोच शेरा घातला. यंत्राला मराठी कळत नाही यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

साताऱ्याची प्रत औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडच्या माडीवर होती. खाली मिरची-मसाल्याचं कांडप, वर संगणक. खिडकीतून अजिंक्यतारा दिसे आणि सगळ्या मजल्याला कांदा-लसूण मसाल्याचा वास येई. खोलीची किल्ली नाथाजी घोरपड्यांकडे. फौजेच्या सिग्नल विभागातले निवृत्त हवालदार. मिशा इस्त्रीच्या.

“या साहेब. यकदम टायमावर.” नाथाजींनी खुर्ची पुसली. “च्या सांगू का आदी लढाई?”

“आधी लढाई!” अण्णांनी तळहात चोळले. सांगलीला त्यांच्या टेबलापाशी दवाखान्याचा तपासनीस, धैर्यशील, बसला होता. अण्णांनी फोन लावला. “हं, धैर्यशील. बुडवा सांगली!”

“बुडवतो, अण्णा,” धैर्यशील म्हणाला. त्याला विनोद आवडत नसत. फोनवर एक कळ दाबल्याचा आवाज आला.

सात सेकंद काही झालं नाही. मग साताऱ्याच्या पडद्यावर फायली धावू लागल्या. हजार. दहा हजार. पन्नास. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. एक लाख. आकडा थांबला: एक लाख बारा हजार चारशे सहा.

“सांगलीला किती होत्या?”

“एक लाख बारा हजार चारशे सहा.”

अण्णांनी नाथाजींना मिठीच मारली. फौजेत असली पद्धत नसल्यामुळे नाथाजी सावधानमध्ये उभे राहिले.

“एक मिनिट,” धैर्यशील म्हणाला. “फायली तेवढ्याच आहेत. पण साताऱ्याची प्रत आकारानं मोठी आहे, अण्णा. चांगली सव्वादोन जीबीनं.”

“मुळापेक्षा नक्कल मोठी?”

“तेच म्हणतोय मी. बघून सांगा. साडेअकरापर्यंत कारण कळलं नाही तर नियम एक्केचाळीस.” फोन बंद झाला.

अण्णांनी नाथाजींकडे बघितलं. नाथाजी खिडकीबाहेर बघत होते.

“दर गुरवारी वाढतंय साहेब,” ते म्हणाले. “म्या दोनदा मेसेज टाकला हुता. तुमी अंगठा पाठवला.”

“कुठल्या फायली वाढतायत?”

“तीनशे अकरा. यकच उघडून बघितली म्या. मंग न्हाई बघितलं.”

अण्णांनी यादी काढली. पहिलीच फाइल कुंडलच्या बनुबाई जाधव यांच्या मुलाची. जन्म दोन हजार आठ, वजन दोन किलो शंभर. दोन दिवस जगला. शेरा: वाढवा. सांगलीच्या फायलीत त्याच्या वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका होता.

इथं ठिपक्यांची ओळ होती. ती चढत चढत तक्त्याच्या वरच्या कडेला गेली होती. पाचव्या महिन्यात पालथा पडला. नवव्या महिन्यात गोवराची लस, उजव्या दंडावर, रात्री ताप. सहाव्या वर्षी पुढचा दात पडला. सायकलवरून पडून कोपराला तीन टाके. मागच्या गुरुवारी उंची पाच फूट आठ इंच, आवाज फुटला आहे, मिशी येत आहे. नोंद करणाऱ्याचं नाव सगळीकडे कोरं. वेळ सगळीकडे सकाळी अकरा चाळीस. दवाखान्यात गुरुवारी त्याच सुमाराला बाळांची वजनं होतात.

“ही चेष्टा कुणी केली?” अण्णांचा आवाज चढला.

“सहा वरसं, दर गुरवारी, त्याच मिन्टाला?” नाथाजी म्हणाले. “चेष्टंला येवढी डिशिप्लिन नसती साहेब. किल्ली यकच हाय. माझ्या कमरंला.”

“पण मशीनच वीस साली आलंय! आणि ह्या नोंदी आठ सालापासनं आहेत.”

“व्हय. मागचं बी भरून काडलंय त्यानं.”

खाली कांडप थांबलं. खोलीत फक्त पंख्यांची घरघर राहिली.

“साहेब, वर शेरा काय हाय?”

“वाढवा.”

“मंग?” नाथाजी म्हणाले.

नाथाजींनी अठ्ठावीस वर्षं हुकूम पाळले होते. हुकमाचा अर्थ विचारायचा नसतो हे त्यांना नवं नव्हतं.

तीनशे अकरांत आणखी कोण असणार हे अण्णांना मोजून बघावं लागलं नाही. चौऱ्याण्णव सालचं रजिस्टर त्यांनी स्वतःच्या हातानं वाळवलं होतं. त्यातलं एक पान त्यांनी दोन चिमट्यांनी लावलं होतं, बाकीच्यांना एकेक. ‘चंदनबाला भूपाल मगदूम यांची मुलगी.’ अकरा तास. पुढं मुलगा अरिहंत झाला, शिकला, बंगळूरला गेला, आणि त्या अकरा तासांविषयी घरात कुणी काही बोललं नाही. ती फाइल संगणकात भरताना शेऱ्याच्या चौकटीत अण्णांनी तोच शब्द निवडला होता.

त्यांनी फाइल उघडली.

एकतीस वर्षांचे ठिपके होते. अण्णा खालून वर वाचत गेले. दहाव्या महिन्यात धरून उभी राहिली. तिसऱ्या वर्षी कांजिण्या, कपाळावर एक व्रण. चौथीत चष्मा. उंची पाच फूट दोन. शेंगदाणे सोसत नाहीत.

अण्णांनी घरी फोन लावला.

“चंदन, तुला शेंगदाण्यानं काय होतं गं?”

“आवं, पस्तीस वरसं झाली लग्नाला, आन् आज विचारताय व्हय?” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “अंगावर गांधी उठत्यात. तुमास्नी ठावं न्हाई? डब्यात चटणी तुमच्यापुरतीच केली हाय. काय झालं?”

“काही नाही.”

“आवाज का आसा येतोय तुमचा? पास झाला का न्हाई?”

“होतोय,” अण्णा म्हणाले. आणि त्यांना हसू फुटलं. इतकं मोठं, की नाथाजींनी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. “होतोय चंदन! पाच फूट दोन!”

“काय पाच फूट दोन?”

पण दुसरीकडून धैर्यशीलचा फोन येत होता.

“अण्णा, साडेअकरा झाले. कारण सापडलं?”

“नाही.”

“मग नाइलाज आहे. नियम तुमचाच आहे. साताऱ्याची प्रत पुसून टाका. मी सांगलीहून नवी पाठवतो. पुसायची कळ तुमच्याकडेच आहे.”

कळ होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, लाल. अण्णांनीच तिचा रंग ठरवला होता. बोटापासून वीतभर अंतर. बोट ठेवलं, की प्रती जुळणार, आराखडा पास, निवृत्तीचा नारळ, शाल. आणि तीनशे अकरा तक्त्यांवर एकेक ठिपका.

“साहेब,” नाथाजी हळूच म्हणाले, “दुसरा रस्ता हाय का आराखड्यात?”

आपला आराखडा दुसऱ्या कुणीतरी वाचावा असं अण्णांना सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं. त्यांनी पानं उलटली. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. नियम शेहेचाळीस: ‘मूळ प्रत सदोष असल्याची खात्री विभागप्रमुखास झाल्यास साताऱ्याची प्रत मूळ समजून सांगलीस पाठवावी. कारण एका ओळीत द्यावे.’

“धैर्यशील, मी शेहेचाळीस लावतोय!”

“शेहेचाळीस? अण्णा, मूळ प्रतीत दोष काय आहे?”

अण्णांनी कारणाच्या चौकटीत टाइप केलं: ‘सांगलीची प्रत अपुरी आहे.’ खरं तेच लिहिलं. मग कळ दाबली. हिरवी.

धैर्यशीलनं सांगलीचा संगणक पुन्हा चालू केला आणि साताऱ्याहून तिकडे फायली निघाल्या. दहा टक्के. अठरा. आता उताराची वाट होती. नदीसुद्धा तीच वापरते. अण्णा उभे होते, नाथाजी उभे होते. क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला चहाच्या टपरीवर लोक उभे असतात तसे. चाळीस. त्रेपन्न.

“अडकलं!” अण्णा ओरडले.

“न्हाई, दम खातंय. बघा, चाललं.”

एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. अण्णांनी नाथाजींचा दंड धरला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

शंभर.

घड्याळात अकरा चाळीस झाले. मुलीची फाइल पडद्यावर उघडीच होती. तक्त्याखाली एक नवी ओळ उमटली. अक्षरामागून अक्षर, कुणीतरी सावकाश टाइप करावं तशी.

‘आजचे वजन: सांगलीत घेणे.’

नाथाजींनी कपाळाला हात लावला. नमस्कार होता की घाम, ते कळलं नाही.

फोन वाजला.

“जुळलं, अण्णा,” धैर्यशील म्हणाला. “फायली जुळल्या, आकार जुळला. आराखडा पास. मी सही केली.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “एक विचारू? आज कसलं शिबिर ठेवलंय का?”

“नाही. का?”

“वजनाच्या खोलीबाहेर लय लोक आलेत. आत्ता, दोन मिनिटांत. यांतल्या कुणालाही दारातून येताना मी बघितलं नाही. शांत उभे आहेत, रांगेत. पोरंसोरं आहेत, चाळिशीचे आहेत, एक तर पांढऱ्या केसांचे आहेत. बाळ कुणाच्याच हातात नाही.”

“चष्मेवाली कुणी आहे का?” अण्णांनी विचारलं. “कपाळावर व्रण?”

“आहे. तुमच्या टेबलापाशीच उभी आहे.” धैर्यशीलचा आवाज खाली गेला. “तुम्ही साताऱ्याहून कधी निघणार, विचारतेय. कोण आहे ही?”

अण्णा डबा उचलत होते. तो त्यांच्या हातून दोनदा निसटला.

“अण्णा, ऐकताय ना? मावशींनी आत्ताच फरशी पुसलीय. ओलीच आहे. त्यावर या सगळ्यांची पावलं उठलीत, दारापासून रांगेपर्यंत.”

“मग?”

“माणसं मोठी आहेत, अण्णा. पण पावलं… माझ्या अंगठ्याएवढी आहेत. सगळ्यांची.”

अण्णा जिन्यावर पोचले होते.

“मावशींना म्हणावं, फरशी पुन्हा पुसू नका,” ते म्हणाले. “मी निघालोच.”