पुरुषभर उंचीचा ‘ए’

“हा ‘ए’ जरा लहान करता येईल का हो?”

खालून आवाज आला तेव्हा मी शिडीच्या वरच्या पायरीवर होते. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हाताने बोर्डाची फळी धरलेली आणि ब्रश दातांत. ब्रश दातांत असला की उत्तर देता येत नाही, आणि मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी डबा टेकवून ब्रश काढला, तर लाल रंगाचा एक ठिपका सरळ विचारणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

“करता येईल की,” मी म्हटलं. “पण तात्यासाहेबांनी पुरुषभर उंचीचा सांगितलाय. टॉकीज त्यांची. तुम्ही कोण?”

“मी... काकासाहेब मोकासे.”

मी शिडी घट्ट धरली. सकाळीच हे नाव मी बोर्डावर रंगवलं होतं. ‘आतली खोली’, दिग्दर्शक काकासाहेब मोकासे. रंगवताना डोळ्यांपुढे पटका बांधलेला, पानाचा तोबरा भरलेला कुणीतरी पन्नाशीचा गृहस्थ होता. आणि खाली उभा होता तो सत्तावीस-अठ्ठावीसचा, चार रात्री झोपला नसावा असा दिसणारा, आणि — खोटं कशाला बोलू — देखणा.

“आमच्या पिशोरकडं पाळण्यातच ठेवतात असली नावं,” तो शर्टावरचा ठिपका चोळत म्हणाला. “वय मागून येतं.”

“चोळू नका, पसरेल,” मी म्हटलं. तो आधीच पसरला होता.

चौऱ्याऐंशी साल होतं ते. गौरी-गणपती उरकले होते, आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या त्या टॉकीजचे बोर्ड आमच्याकडे होते. आमच्याकडे म्हणजे माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे. अण्णा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. हाताला कंप सुटल्यापासून बोर्ड मी रंगवत होते, खाली सही मात्र ‘अनंतराव’ अशीच. कालिंदी नावाची कुणी मुलगी शिडीवर चढते हे आमच्या नातेवाइकांपासून लपवायचं होतं. गल्लीला ठाऊक होतं, नातेवाइकांना नाही. असंच असतं ते.

पावसाची भुरभुर सुरू झाली. ओला रंग ओघळणार म्हणून मी खाली उतरून ताडपत्री ओढली, आणि दुसरं टोक त्याने न सांगता धरलं. बोर्ड, मी आणि तो — तिघं एका ताडपत्रीखाली. रॉकेलचा आणि भिजल्या मातीचा वास येत होता.

“एवढं काय आहे हो पिक्चरमध्ये?” मी विचारलं. “‘ए’ मिळण्यासारखं?”

“बाळंतपण आहे,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं. मुंबईत पिक्चर तपासणाऱ्यांनी सांगितलं, तेवढं कापा, ‘यूए’ देतो. म्हणजे आईबाप पोरांना घेऊन आले असते. वितरक तयार होता, टॉकीजा तयार होत्या. मी नाही म्हणालो. मग ‘ए’ मिळाला... आणि सगळे पळाले. तात्यासाहेबांनी तेवढा एक आठवडा दिलाय.”

“दोन मिनिटांसाठी एवढा हट्ट?”

त्याने वर पाहिलं. ताडपत्रीवर पाणी साचत होतं.

“माझी मोठी बहीण, साळूताई. पहिल्या बाळंतपणात गेली. सोळा वर्षांची होती. मी दहाचा. ओसरीवर बसलो होतो, आतल्या खोलीचं दार बंद. पुरुषांनी आत जायचं नसतं ना... तेवढं दार मी पिक्चरमध्ये उघडलंय. तेच बंद केलं तर उरतं काय?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे तुमची साळूताईच तिकीट काढून आली असती, तर अठराच्या आतली म्हणून तिलाही फाटकावर अडवलं असतं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा ताडपत्री सोडून जाणार. तो गेला नाही.

“रविवारी आई येतेय,” तो हळूच म्हणाला. “गावच्या बाया घेऊन. साळूताई गेल्यापासून आईनं तिचं नाव काढलेलं नाही. आणि ती इथं येणार, हा लाल ‘ए’ बघणार...”

तेवढ्यात तात्यासाहेब छत्री घेऊन आले. “अरे डायरेक्टर, ‘ए’ मोठा तर गल्ला मोठा! नाव ‘आतली खोली’, वर ‘फक्त प्रौढांसाठी’ — पब्लिकला दुसरं काय पाहिजे? बारका केला तर खुर्च्या रिकाम्या, आणि रिकाम्या खुर्च्यांना मी शनिवारच्यापुढं पिक्चर दाखवत नसतो.”

म्हणजे ‘ए’ लहान केला तर आई यायच्या आधीच पिक्चर उतरणार, आणि मोठा ठेवला तर आईच्या शेजारी कोण बसणार ते दिसतच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. काकासाहेबांनी मान खाली घातली. मग शिडी धरली आणि मला म्हणाले, “रंगवा.”

मी रंगवला. माझ्या हातून इतकं सुबक अक्षर पुन्हा कधी उतरलं नाही, आणि त्याची इतकी लाजही कधी वाटली नाही.

शुक्रवारी हाऊसफुल्ल. ऑपरेटरच्या खोलीतून आम्ही दोघं खाली पाहत होतो. अण्णांना मी ‘बोर्डाचा रंग वाळलाय का बघून येते’ असं सांगितलं होतं. सगळे पुरुष. अर्धा तास धीर धरला, मग शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्यावर ती पोर कळा देत होती, आणि खालून कुणीतरी ओरडलं, “कपडे कधी काढते रे?” हशा उसळला. मग खुर्च्या आपटत माणसं उठली. फसवलं म्हणाली, शिव्या दिल्या. बाकीचे बसून राहिले ते केवळ तिकीट वसूल करायला.

त्या अंधारात त्याचा हात माझ्या हाताला लागला. गार होता. त्याने काढून घेतला नाही. मीही नाही.

“तार करतो,” तो म्हणाला. “येऊ नको म्हणून.”

“नका करू.”

“कालिंदी, हे ऐकायला आणू तिला?” पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. एरवी मला ते गोड वाटलं असतं. “आणि... तुम्हालाही एक विचारायचं होतं. पण ते आता रविवारनंतर.”

“आत्ता विचारा.”

“रविवार बिघडला तर कुणाला काही विचारायचं तोंड राहणार नाही मला. मुंबईला परत जाईन.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो काय विचारणार होता, ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. तो मोकासे, आम्ही जोशी. अण्णा काय म्हणतील, हा घोर होताच. पण त्याहून मोठा घोर एका बाईचा होता, जिला मी पाहिलंही नव्हतं. ती पिशोरच्या एस.टी.तून उतरणार आणि माझ्याच हातच्या ‘ए’खालून आत जाणार.

शनिवारी सकाळी मी तात्यासाहेबांकडे टॉकीजवर गेलेच नाही. त्यांच्या घरी गेले. वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“माझी थोरली लेक पण अशीच गेली असती गं,” त्या म्हणाल्या. “दाई म्हणून कोण होती, तर शेजारची म्हातारी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “घरची टॉकीज, पण ‘ए’ लागला की मला त्या गल्लीतून जायची चोरी. पूर्वी जनाना खेळ व्हायचे इथं, ठाऊक आहे? फक्त बायकांचे. डोअरकीपरसुद्धा आत यायचा नाही. सासूबाई मला घेऊन जायच्या.”

“उद्या सकाळचा खेळ जनाना झाला तर?”

“ते ऐकायचे नाहीत.”

“मग पुढच्या शुक्रवारचा बोर्ड त्यांनाच रंगवायला सांगा. आणि जेवण...”

“जेवणाचं माझ्यावर सोड,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून उठल्या.

संध्याकाळी मी पुन्हा शिडीवर होते. ‘ए’ पुसता येत नाही, तो कायद्याने राहणारच. मी त्याच्याखाली निळ्या रंगात लिहिलं : ‘रविवारी सकाळी जनाना खेळ.’ काकासाहेब शिडी धरून उभे होते. वाचत वाचत एकदम थांबले.

“म्हणजे मलाही आत जाता येणार नाही?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःचं पिक्चर, स्वतःची आई, आणि हा पुन्हा दाराबाहेर.

“मी बसेन त्यांच्याजवळ,” मी म्हटलं. “तुमच्या वतीनं.”

रविवारी गुलमंडीच्या बायका आल्या, वच्छलाबाईंच्या निरोपावर गंगापूरच्या जीपमधून आल्या, आणि पिशोरच्या एस.टी.तून बारा-पंधरा जणी उतरल्या. पुढे आवडाबाई. उंच, डोक्यावर घट्ट पदर. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. आणि सरळ फाटकाकडे चालू लागल्या. काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

फाटकावर बन्सी डोअरकीपरने एका पोरीला अडवलं. कडेवर तान्हं मूल. “वय किती गं?”

“सतरावं चाललंय.”

“मंग नाय जमायचं. तीन वर्साच्या आतलं लेकरू चालतं कायद्यानं. तू नाय.”

पोर बावरली. तिची सासू तिला पायरीवर बसवून आत निघून गेली. मला वळून पाहायलाही वेळ नव्हता.

अंधार झाला. आवडाबाईंचा हात मी धरला, की त्यांनी माझा धरला, सांगता येत नाही. पडद्यावर खोलीचं दार उघडलं. कळा सुरू झाल्या. मी शिट्टीची वाट पाहत होते... शुक्रवार कानात बसला होता ना.

मागून एक म्हातारा आवाज आला, “दम धर माय, दम धर.”

मग दुसरीकडून, “पाठ दाबा की कुनी तिची.” आणि मग सगळीकडूनच. “आता जोर लाव.” “झालंच बाई, झालंच.” बायका पडद्यावरच्या पोरीला धीर देत होत्या, जणू आपण तिच्या उशाशी बसलोय. वच्छलाबाई हमसून रडत होत्या. आवडाबाईंनी फक्त हात इतका आवळला, की माझी त्या हातातली एकुलती बांगडी वाढली.

दिवे लागले तरी बराच वेळ कुणी उठलं नाही.

आम्ही बाहेर आलो तर पायऱ्यांवर काकासाहेब बसले होते. मांडीवर त्या पोरीचं तान्हं, झोपलेलं. शेजारी ती. आणि तो तिला पिक्चर सांगत होता, अगदी हळू.

“...मग आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, साळू, डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ. माझ्याकडंच बघ...”

पोर तोंडाला पदर लावून ऐकत होती. आवडाबाई त्याच्यामागे उभ्या राहिल्या.

“काका,” त्या म्हणाल्या. “तू तं वसरीवर व्हता. तुला कसं कळलं मी काय म्हनले ते?”

तो दचकून वळला. मांडीवर मूल, त्यामुळे उठताही येईना.

“ऐकू येत होतं, आई. दारातून... सगळंच.”

आवडाबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

“मला वाटायचं, माझं मलाच ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “म्हनून बोलले नाय कधी. तुलाबी ठाव व्हतं व्हय रं... इतकी वर्सं?” त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. “साळूला आज लई बायांनी धीर दिला, काका. त्या दिशी मी एकलीच व्हते.”

काकासाहेब रडले. मूल जागं होऊ नये म्हणून आवाज न करता. मीही रडले. मला कुणाला जागवायची भीती नव्हती.

फाटकाशी तात्यासाहेब डोकं खाजवत उभे होते, कारण वच्छलाबाईंनी परस्पर जाहीर केलं होतं की उद्यापासून रोज सकाळी जनाना खेळ, आणि पुढचा आठवडाही. गंगापूरच्या बायका जावांसाठी तिकिटं विचारत होत्या.

आवडाबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. “ही कोन?”

“या... बोर्ड रंगवतात,” काकासाहेब म्हणाले.

मला असा राग आला, की विचारू नका. बोर्ड रंगवतात!

आवडाबाईंनी लेकाकडे नीट पाहिलं. “बोर्ड रंगवनारी माझा हात धरून सारा खेळ कशाला बसन? तू काय बोलला का नाय तिला अजून?”

त्याचे कान लाल झाले. त्याने मूल पोरीच्या ओटीत दिलं, उठला, माझ्यासमोर आला... आणि माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिला.

“रविवारनंतर विचारणार होतो.”

“रविवार झाला,” मी म्हटलं.

“मी एकदा दाराबाहेर बसलो, कालिंदी. आज दुसऱ्यांदा. पण आज आत तुम्ही आहात हे ठाऊक होतं, म्हणून बसवलं.” तो अडखळला. “पुढंही... असाल का?”

अण्णा, नातेवाईक, जोशी, मोकासे, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. भीती वाटलीच. ती पुढेही पुष्कळ दिवस वाटणार होती.

“अण्णांना तुम्हीच येऊन विचारायचं,” मी म्हटलं. “आणि बोर्डाखाली यापुढं माझी सही राहील. तेही तुम्हीच सांगायचं.”

“सांगतो.” मग पहिल्यांदाच तो हसला. “आणि तो ‘ए’ जरा लहान करता येईल का हो?”

मी वर पाहिलं. पुरुषभर उंच, लालभडक, माझ्याच हातचा.

“करते,” मी म्हटलं. “शिडी धरा.”